बांबूला पाटी नसते

सगळी हयात मी दुसऱ्यांच्या लेकरांना काहीतरी सुचावं म्हणून डोकेफोड केली. मला स्वतःला मात्र आयुष्यात एकदाच काही सुचलं, आणि तेही तालीम खात्याचे, म्हणजे शिक्षण खात्याचे साहेब समोर, नाकेदार बाजूला आणि धोतर घामानं पायाला चिकटलेलं असताना. त्या अर्ध्या तासाची हकीकत मी कधी सांगत नाही, कारण तीत माझी शोभा फारशी नाही. पण आता मी म्हातारा झालोय, आणि त्यातल्या बऱ्याच लोकांना आता लाज वाटायची सोय उरलेली नाही. तेव्हा होऊन जाऊ द्या.

आमचं गाव हिंगोलीहून वाशीमकडे जाताना. अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे वऱ्हाड, म्हणजे इंग्रजांचं. मोठा नाका कनेरगावला. आमच्याकडे बैलगाडीच्या वाटेवर एक धाकटा नाका होता. रस्त्याला आडवा एक लांब बांबू, त्याच्या एका टोकाला दगड बांधलेला आणि दुसऱ्या टोकाला दोरी. दोरी ढिली सोडली की दगडाच्या वजनानं बांबू वर जायचा. पलीकडून काहीही आणलं की नाकेदाराला दाखवायचं, जकात भरायची, मगच बांबू वर. या नाक्यापासून हाकेच्या अंतरावर, सरकी साठवायच्या एका जुन्या कोठीत माझी शाळा भरायची. लेकरं घरी जायची तेव्हा डोक्यात विद्या किती गेली ते सांगता येत नसे, पण केसांत कापूस बराबर दिसायचा.

शाळा खासगी, मराठी. तिला सरकारची इजाजत लागायची आणि ती दर वर्षी नवी करून घ्यावी लागायची. साहेब मुआयन्याला यायचे, म्हणजे तपासणीला. त्यांच्या मनात आलं तर कागदावर सही, नाही आलं तर कोठीला कुलूप. पंचक्रोशीत दुसरी मराठी शाळा नव्हती.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो. तेव्हा निबंध म्हणजे पाठांतर. मास्तरानं सांगायचं, पोरांनी उतरवायचं, परीक्षेत ओकायचं. "गाय हा एक उपयुक्त प्राणी आहे." अरे बाबा, तुझ्या घरी गाय आहे, तिचं नाव कपिला आहे, ती परवा तुझ्या चुलत्याला लाथ मारून गेली, आणि तू मला ती उपयुक्त आहे म्हणून सांगतोस? माझं डोकं फिरायचं. मुळात मी तापट. मग मी माझेच काही खेळ काढले.

एक खेळ लोट्याचा. दोन लोट्यांत चिठ्ठ्या ठेवायच्या. एकात वस्तूंची नावं, दुसऱ्यात तकलिफी. दोन्हीतून एकेक उचलायची आणि त्यांची गोष्ट जुळवायची. किसनच्या हाताला 'घागर' आणि 'दाढदुखी' आली. त्यानं बराच वेळ पेन्सिल चावली आणि लिहिलं, "घागरीला दाढ नाही. म्हणून तिला दुखत नाही. बरं झालं." मी त्याला दोन तास उभं केलं. आज वाटतं, निबंध बिनचूक होता.

दुसरा खेळ 'जर'चा. जर मला पंख असते तर. मला वाटलं, आता पोरं आभाळात जातील, ढगांशी बोलतील. ज्ञानोबानं लिहिलं, "मला पंख असते तर आईनं रोज सांजच्याला मला कोंबड्यांसोबत डालून ठेवलं असतं." अर्ध्या वर्गानं असंच काहीतरी लिहिलं. एकही पोरगं गावाबाहेर उडालं नाही.

तिसरा खेळ मुक्या वस्तूला बोलकं करायचा. ती वस्तू आपण आहोत असं धरायचं आणि तिला काय दिसतं, काय वाटतं ते लिहायचं. त्यासाठी आधी वस्तूजवळ बसायचं, तिला मनातल्या मनात विचारायचं. मी 'मनातल्या मनात' म्हणालो होतो. आठवड्याभरात विठोबा नावाचे एक शेतकरी कोठीच्या दारात येऊन उभे राहिले.

"गुरुजी, पोरगं काल दिवसभर नांगरासंगं बोलून राहिलं. काय शिकवून राहिले तुमी?"

"काय बोललं?"

"तुला कसं वाटते म्हनून इचारलं त्याला."

"मग, नांगर काय म्हणाला?"

"नांगर म्हनला म्हनते, आज सुट्टी दे."

"मग?"

"मंग काय? दिऊन आलं ना सुट्टी! बैल सोडून घरी आलं अन् झोपलं!"

विठोबांना मी गूळपाणी दिलं, पोराच्या वतीनं माफी मागितली आणि ते गेल्यावर त्याच्या वहीवर दहापैकी नऊ गुण लिहिले. वीस वर्षांत माझ्या शिकवण्याचा इतका रोकडा परिणाम दुसरा कुठं दिसला नाही.

याच खेळात पुढं मी ती चूक केली. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटाशेवटाचं ते वर्ष. साखर मिळेना, कापड मिळेना, आणि पलीकडे वाशीमला मात्र सगळं मिळतंय असं ज्याच्यात्याच्या तोंडी. मुआयना आठ दिवसांवर आला होता. काहीतरी ताजं लिहिलेलं साहेबांना दाखवावं म्हणून मी फळ्यावर विषय लिहिला : नाक्यावरच्या बांबूचं मनोगत.

बांबू दिवसरात्र नाक्यावर आडवा, त्याला सगळं दिसतं, आणि गावातलं प्रत्येक माणूस त्याच्याखालून काही ना काही लपवून नेतं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी स्वतः नेत होतो. पण मास्तराला फळ्यासमोर उभं राहिलं की असलं काही आठवत नाही.

पोरांनी नेहमीप्रमाणे लिहिलं. "मी बांबू आहे. मी उपयुक्त आहे." फक्त जमनीची वही वेगळी निघाली.

जमनी तांड्यावरची, बारा वर्षांची. तिचे वडील सोमला नाईक बैलगाडीनं वाशीमहून माल आणायचे. हा माणूस खरं बोलायचा. गाडीत काय आहे म्हणून विचारलं की सगळं सांगायचा. सांगितलं की नाकेदार सगळं उतरवायला लावायचा, मोजायचा, परत मोजायचा, आणि जेवून येतो म्हणून निघून जायचा. सोमलांची गाडी सकाळी नाक्याला लागली की दुपार कलली तरी तिथंच. शाळा सुटली की जमनी बापासाठी भाकरी घेऊन जायची आणि गाडीच्या सावलीत बसून राहायची. तिच्याइतका वेळ त्या बांबूसमोर दुसरं कोणी बसलेलं नव्हतं.

तिनं लिहिलं होतं :

"मी बांबू आहे. गणपत शिपाई बाजंवर झोपतो. माझ्या दोरीचा खुंटीला एक वेढा आहे आणि टोक त्याच्या पायाच्या अंगठ्यात आहे. ओळखीचं माणूस आलं की तो झोपेतच अंगठा ढिला करतो आणि मी वर जातो. मारोतराव पाटील वाशीमला जातात तेव्हा बारीक असतात. येतात तेव्हा जाड असतात. धोतरं पोटाला गुंडाळली की माणूस जाड होतो. गंगाकाकूच्या कडेवरचं लेकरू दोन वर्षं झाली कुंचीतच आहे. ते मोठं होत नाही. ते रडत नाही. त्याला मुंग्या मात्र लागतात."

मी दुपारी कोठीत एकटा बसून हे वाचत होतो आणि मोठ्यांदा हसत होतो. काय नजर होती पोरीची! मग पुढची ओळ आली.

"गुरुजी पोत्यावर बसून येतात. नाकेदार विचारतो काय आहे. गुरुजी म्हणतात ज्वारी आहे. ती ज्वारी नाही. त्यातनं माझी पाटी आली."

हसू जागच्या जागी गेलं. त्याचं असं होतं की नाकेदाराला पुस्तक दिसलं की तो ते ठेवून घ्यायचा आणि तपासायला वर पाठवायचा. वर गेलेलं पुस्तक खाली आलेलं मी कधी पाहिलं नाही. म्हणून वाशीमहून गोष्टींची पुस्तकं आणि पाट्या मी पोत्याच्या तळाशी घालायचो, वर ज्वारी पसरायचो आणि त्यावर आसनमांडी घालून गाडीत बसायचो. आणि या पोरीनं ते वहीत घातलं होतं!

माझं पित्त खवळलं. खोटं म्हणता येईना, मग मास्तर लोक करतात ते मी केलं. व्याकरण नाही तर दुसरं काहीतरी चुकलंय का ते शोधायला लागलो. सापडलं. 'माझी पाटी' या शब्दांभोवती लाल पेन्सिलीनं गोल काढला आणि समासात लिहिलं, "बांबूला पाटी नसते. आपण बांबू आहोत हे विसरू नये." दोन गुण कापले. मग जरा बरं वाटलं.

उद्या जमनीला बोलावून ही वही घरी ठेवायला सांगायची आणि नव्या वहीत दुसरं काहीतरी लिहून घ्यायचं, असं ठरवलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबच आले. सहा दिवस आधी.

साहेब हैदराबादकडचे. पांढरी दाढी, काळी शेरवानी, बोलणं मऊ. सोबत नाकेदार, कारण गावात सरकारी माणूस तेवढा एकच. दोघांनाही मराठी वाचता येत नव्हतं, आणि बोललेलंही चार शब्दांपलीकडे कळत नव्हतं. गणपत शिपाई दोन खुर्च्या डोक्यावर घेऊन आला आणि दारात उकिडवा बसला. साहेब बघायला सगळं गाव दाराशी लोटलं. मारोतराव पाटील हार घेऊन पुढं उभे, गंगाकाकू खिडकीशी. कडेवर कुंची होती! पलीकडून नुकत्याच आल्या असाव्यात.

मी टेबलावर वह्या अशा रचल्या की वरच्या चार-पाच सगळ्या उपयुक्त गाईंच्या असाव्यात. जमनीची वही सगळ्यात खाली घातली. पण तिच्या आईनं त्या वहीला आरसे लावलेल्या कापडाचं वेष्टण शिवलं होतं. दारातून ऊन आत आलं आणि ढिगाच्या तळातून वही चमकायला लागली. साहेबांनी हात घालून तीच ओढली.

"यह किसकी है?"

जमनी उभी राहिली. एवढी खूष की ओढणी सावरायचंही भान नाही.

"मजमून क्या है?"

"नाक्याचा बांबू," ती म्हणाली. साहेबांना 'नाका' कळलं. नाकेदाराला तर कळलंच. तो खुर्चीत सरसावून बसला.

"मास्टर साहब, पढ़ के सुनाइए. हिंदुस्तानी में."

वही माझ्या हातात आली. खरं वाचावं तर नाकेदार तिथंच उठून पाटलांचं धोतर फेडणार, कुंची उघडणार आणि मला घेऊन जाणार. शाळेला तर कुलूप ठरलेलंच. मागं बघितलं. पाटील हार धरून थिजले होते. बांबू म्हटल्यावर त्यांना निबंध न वाचताच कळला होता. गंगाकाकूंनी कुंची पदराखाली घेतली. गणपतनं पायाचा अंगठा आत वळवला.

आता काहीतरी बनवून सांगायचं. आणि मला काही सुचेना! रोज पोरांवर ओरडणारा मी, "अरे सुचत नाही म्हणजे काय? डोळे उघड, समोर बघ, आणि 'जर' म्हण!" आता डोळे उघडे, समोर साहेब, आणि 'जर'च्या पुढं सगळं कोरं. किसनची घागर आठवली. त्या पोराला दोन तास उभं केलं होतं मी, देवा.

"जी... बांबू कहता है..." मी सुरू केलं. "बांबू कहता है कि... मैं बांबू हूँ."

"ठीक है. आगे?"

समोर बघितलं. साहेबांच्या शेरवानीच्या खिशातून लेखणीचं टोक डोकावत होतं. बोरूची लेखणी. बोरू आणि बांबू, एकाच कुळातले! मी तेच धरलं. "बांबू कहता है, हम दो भाई थे. बड़ा भाई मैं, छोटा भाई बोरू. एक ही नदी के किनारे पैदा हुए. छोटा साहब लोगों की जेब में जाकर बैठा, सबकी बात लिखता है. और मैं रास्ते में पड़ा हूँ. मैं देखता सब हूँ, लेकिन लिखना मुझे नहीं आता."

"वाह!" साहेब म्हणाले.

मला जोर आला. धाकट्या भावाचं पत्र आलं, थोरल्याला वाचता येईना, वाऱ्यानं ते वाचून दाखवलं, मी सुटलोच. पाटलांच्या खांद्यावरचा ताण उतरला. कुंची पदराबाहेर आली. साहेबांनी डोळे मिटून मान डोलवली. एवढ्यात जमनी ताडकन उभी राहिली.

"गुरुजी, माझं आसं न्हाई हाय!"

"बस खाली."

"माझ्यात भाऊ न्हाईच हाय! तुमी दुसऱ्याचं वाचून राहिले!"

साहेबांनी डोळे उघडले. "बच्ची क्या कह रही है?"

"कहती है, अभी और बाकी है," मी म्हणालो. एका अर्थी खरंच होतं.

जमनी टेबलाशी आली. ती पाटलांसाठी भांडत नव्हती, कुंचीसाठी नव्हती. ती म्हणाली, "बापूचं राहिलं, गुरुजी. बाकीचं नका वाचू, पन बापूचं तरी सांगा ना. म्या त्याच्यासाठीच लिवलं व्हतं."

मी पान उलटलं. तिथं खरंच शेवटी दोन ओळी होत्या. काल माझं नाव बघून मी इतका तापलो होतो की पान उलटलंच नव्हतं. पूर्ण न वाचताच गुण कापले होते. चोराला चोर म्हटल्यावर तो पुढचं ऐकतो थोडंच!

त्या दोन ओळी मात्र मला बदलता येईनात. जसं होतं तसं हिंदुस्तानीत सांगितलं. "बांबू कहता है, सोमला नाईक सच बोलता है. इसलिए उसकी गाड़ी सबसे ज़्यादा देर खड़ी रहती है. बैल प्यासे रहते हैं. मैं उसके लिए खुद ऊपर जाना चाहता हूँ, लेकिन दोरी मेरे हाथ में नहीं."

साहेबांनी नाकेदाराकडे बघितलं.

"ऐसा है?"

नाकेदार झटक्यात उठून उभा राहिला. त्याच्या कपाळावर घाम, माझ्यापेक्षा जास्त. "नहीं साहब! यह तो... यह तो बच्चों का खयाल है. सब मनगढ़ंत!"

मला हसू आवरेना. हेच वाक्य बोलायला लागलं तर म्हणून मी सकाळपासून घोकत होतो, आणि ते बोलला कोण, तर नाकेदार!

साहेबांनी दाढीवरून हात फिरवला. "खयाल बहुत अच्छा है," ते शांतपणे म्हणाले. "कल से इस खयाल की गाड़ी ज़रा जल्दी छोड़िए."

मग त्यांनी खिशातली बोरूची लेखणी काढून इजाजतीच्या कागदावर सही केली. पाटलांनी हार घातला, तो घाईघाईत साहेबांऐवजी माझ्याच गळ्यात घातला. दुसऱ्या दिवशी सोमलांची गाडी नाक्याला आली आणि भाकरी घेऊन गेलेली जमनी भाकरीसकट परत आली. बापू आधीच घरी पोचले होते.

पण ती माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. मी एकदा विचारलं, "काय गं, शाळा वाचली ना?" तर म्हणाली, "वाचली. पन माझं न्हाई वाचलं कोनी." मी तिच्यावर डाफरलो. काहून डाफरलो, ते मला तेव्हाही ठाऊक होतं.

अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं. नाकेदार कुठं गेला कोणास ठाऊक. एका सकाळी गावकऱ्यांनी तो बांबू खाली घेतला आणि रस्त्याच्या कडेला टाकला. सगळं गाव बघायला जमलं. जमनीचं लग्न झालेलं, ती माहेरी तांड्यावर आली होती, तीही आली, सोमला नाईकही आले. मला काय वाटलं कोण जाणे, मी कोठीत गेलो आणि पेटीतली आरशांची वही घेऊन आलो. इतकी वर्षं सांभाळली होती, द्यायची मात्र हिंमत झाली नव्हती.

"वाच," मी जमनीला म्हणालो. "तुझं तू वाच. सगळं."

ती बांबूवर बसली आणि तिनं खणखणीत आवाजात वाचलं. अंगठ्याचं आलं तेव्हा लोकांनी गणपतला धरून त्याचा अंगठा सगळ्यांना दाखवला. पाटील स्वतःचं पोट धरून हसले. गंगाकाकू म्हणाल्या, "आगं बया, मुंग्या बी दिसल्या व्हय तुला!" माझी ज्वारी आली तेव्हा सगळ्यात मोठा हशा झाला, आणि मी मान खाली घालून तो घेतला.

"त्यातनं माझी पाटी आली," तिनं वाचलं आणि ती थांबली. पुढं लाल गोल होता.

हशा चालूच होता, पण मला ते वाक्य तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं. पोरगी माझी चोरी पकडत नव्हती. तिला पाटी मिळाली होती, ती कुठून आणि कशी आली हे तिनं बघितलं होतं, आणि ते सांगताना बारा वर्षांची पोर बांबू व्हायचं विसरली होती. सबंध वर्गात त्या एका ठिकाणी कोणाला तरी खरंच काही सुचलं होतं, आणि मी तिथंच लाल पेन्सिल चालवली होती.

मी खिशातून पेन्सिल काढली. "आण ती वही. ते दोन गुण परत देतो."

जमनीनं वही छातीशी धरली आणि हसली.

"ऱ्हाऊ द्या, गुरुजी," ती म्हणाली. "बांबूला पाटी नसतेच."